घरच्या संगणकावर पायथन: प्रत्येक प्रोग्रामची वेगळी चूल मांडायचीच का?

सांजपाखरू | शनिवार, रात्री ९:४२

मी पोटापाण्यासाठी प्रोग्रामिंग करत नाही. घरच्या संगणकावर स्वतःच्या कामापुरते छोटे छोटे प्रोग्राम पायथनमध्ये लिहिते. त्यातला माझा सगळ्यात लाडका म्हणजे जुन्या फोटोंचा. घरातले जवळजवळ ४,००० फोटो स्कॅन करून ठेवलेत. हा प्रोग्राम त्यातले चेहरे हुडकतो, प्रत्येकाभोवती चौकट काढतो आणि कोणत्या फोटोत किती माणसं आहेत याची यादी करून देतो. दोन वर्षं बिनबोभाट चालला.

मागच्या आठवड्यात महिन्याच्या खर्चाचे आलेख काढायचे म्हणून पिपने (पायथनची तयार पॅकेजेस उतरवून बसवणारं साधन) एक नवीन पॅकेज टाकलं. आलेख झकास आले. आज फोटोंचा प्रोग्राम सुरू केला तर पहिल्याच ओळीला आडवा. लांबच्या लांब लाल संदेश. त्या प्रोग्राममधलं एक अक्षरही मी बदललेलं नाही!

शोधाशोध केली तर जो तो एकच सांगतो: प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एनव्हायर्नमेंट करा, म्हणजे फक्त त्याचीच पॅकेजेस ठेवणारं स्वतंत्र फोल्डर. माझे असे तेवीस-चोवीस प्रोग्राम आहेत, काही तर पंधरा ओळींचे. प्रत्येकाची वेगळी चूल मांडायची? घरच्या, एकटीच्या संगणकावर हे खरंच लागतं, की ही कंपन्यांत काम करणाऱ्यांची शिस्त आहे? ज्यांनी दोन्ही करून पाहिलंय त्यांचं ऐकायला आवडेल.

बिनतारी | शनिवार, रात्री ९:५०

आधी संदेश द्या. पूर्ण नको, शेवटच्या दहा ओळी पुरतील. पायथनचा मुद्दा कायम शेवटी असतो.

सांजपाखरू | शनिवार, रात्री ९:५८

मथितार्थ असा: 'नम्पाय १.एक्स वापरून कंपाइल केलेलं मॉड्यूल नम्पाय २ वर चालवता येणार नाही, ते कोसळू शकतं.' त्याखाली ओपनसीव्हीचं, म्हणजे चेहरे शोधणाऱ्या पॅकेजचं, नाव आहे. पण नम्पायला, त्या आकडेमोडीच्या पॅकेजला, मी हातही लावला नव्हता हो.

जुनाखोड | शनिवार, रात्री १०:२१

तुम्ही नाही लावलात, पिपने लावला. आलेखाच्या नव्या पॅकेजला नम्पाय २ हवं होतं, म्हणून पिपने जुनं काढून नवं बसवलं. पिप मुकाट्याने काही करत नाही, 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' या ओळीत नम्पायचंही नाव आलं असणार. पण ती ओळ कोण वाचतं?

नम्पाय २.० जून २०२४ मध्ये आलं. त्यात आतली द्विमान जुळणीच बदलली. म्हणजे ओपनसीव्हीसारखी सी-सी++ मध्ये लिहिलेली पॅकेजेस जर जुन्या नम्पायवर कंपाइल झालेली असतील, तर ती नव्यावर चालत नाहीत. तुमच्या पायथनच्या ओळी शाबूत आहेत, त्यांच्या पायाखालची फरशी बदलली.

तुम्ही विचाराल, पिपला हे कळायला नको? पिप फक्त प्रत्येक पॅकेजने लिहून दिलेल्या अटी वाचतो. बऱ्याच पॅकेजेसनी अट लिहिलेली असते ती 'नम्पाय अमुक किंवा त्यापुढचं' अशी. वरची मर्यादा नाहीच. त्या हिशेबाने २ हे १.२१ च्या पुढचंच आहे, मग पिप कशाला अडवेल? आणि समजा अट मोडत असली, तरी आधीच बसवलेल्या पॅकेजच्या बाबतीत पिप लाल अक्षरांत तक्रार करतो आणि नवीन पॅकेज टाकतोच.

मूळ अडचण मात्र एवढीच आहे: पायथनच्या एका साइट-पॅकेजेस फोल्डरमध्ये एका पॅकेजची एकच आवृत्ती राहू शकते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. म्हणून म्यानं दोन करायची.

तात्पुरता उपाय: ओपनसीव्ही अद्ययावत करून बघा, ४.१० पासून पुढच्या आवृत्त्या नम्पाय २ वर चालतात. पण पुढच्या वेळी दुसरंच काहीतरी मोडेल, म्हणून मी वेगळं एनव्हायर्नमेंट करा असंच सांगेन.

खटपट्या | शनिवार, रात्री १०:४०

मी वेगळं मत मांडतो. आठ वर्षं झाली, माझं एकच एनव्हायर्नमेंट आहे. सगळे प्रोग्राम त्यातच. आजवर मोडलं फक्त तीनदा, आणि तिन्ही वेळा अर्ध्या-पाऊण तासात दुरुस्त झालं. २४ एनव्हायर्नमेंट सांभाळायची, प्रत्येकात जाऊन तीच पॅकेजेस टाकायची, कोणतं कशाचं हे लक्षात ठेवायचं, यात आठ वर्षांत किती तास गेले असते? छंद म्हणून करणाऱ्याने आधी छंद करावा. टर्मिनल उघडलं की डोक्यात असलेली कल्पना लगेच उतरवता आली पाहिजे. त्याआधी चार कमांड द्याव्या लागल्या तर कल्पना विरून जाते, हे मी अनुभवलंय.

सांजपाखरू, तुमचा एक प्रोग्राम मोडला. तो दुरुस्त करा आणि पुढे चला.

टिपकागद | शनिवार, रात्री ११:०५

खटपट्या, 'एकच एनव्हायर्नमेंट' म्हणजे व्हेन्वने (एनव्हायर्नमेंट करणारं पायथनचंच साधन) केलेलं एक, की सिस्टिमचं, संगणकासोबत आलेलं पायथन? दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खटपट्या | शनिवार, रात्री ११:०९

व्हेन्वने केलेलं. सिस्टिमच्या पायथनला मी शिवत नाही. तेवढं पथ्य पाळतो.

टिपकागद | शनिवार, रात्री ११:३१

मग तुमचं आणि जुनाखोड यांचं भांडण वाटतं तेवढं मोठं नाही.

सिस्टिमच्या पायथनबद्दल माझा अनुभव लिहितो, कारण तो मी कुणावरही येऊ नये म्हणेन. लिनक्सवर, कळत नव्हतं त्या काळात, मी पिपच्या आधी सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणं) लावून पॅकेजेस टाकायचो. परवानगी नाही म्हटलं की सुडो, बस्स. एकदा असंच एक पॅकेज टाकलं, त्याने आपल्यासोबत दोन-तीन पॅकेजेस नव्या आवृत्तीची आणली. दुसऱ्या दिवशी अपडेट करणारी खिडकीच उघडेना. सॉफ्टवेअरची यादी दाखवणारा प्रोग्राम उघडायचा आणि क्षणात मिटायचा. ती सगळी साधनं पायथनमध्येच लिहिलेली होती आणि मी त्यांच्याच कोठारात हात घातला होता. अपडेट करायचं साधनच मोडलं की दुरुस्ती कशाने करणार? शेवटी सगळं पुसून नव्याने लिनक्स बसवलं. एक अख्खा रविवार आणि नीट न घेतलेल्या बॅकअपमुळे काही पत्रं गेली. ती पत्रं अजून आठवतात.

आता ही चूक करणं अवघड झालंय. पेप ६६८ (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलांचा क्रमांक दिलेला प्रस्ताव) नावाचा नियम आला आणि जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप चालवला की तो 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एनव्हायर्नमेंट' असं सांगून थांबतो. ते दार तोडायचा एक पर्याय आहे, त्याचं नावच 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' ठेवलंय. नाव वाचूनही कुणी तो वापरत असेल तर कृपा करून वापरू नका.

उंबरठा | रविवार, सकाळी ७:१५

मी अगदी नवीन आहे. कुणी पायरी पायरीने सांगेल का? विंडोजवर आहे. काल हा धागा वाचून एनव्हायर्नमेंट केलं, पण 'अ‍ॅक्टिव्हेट' केलं की पॉवरशेल म्हणतं स्क्रिप्ट चालवायला मनाई आहे.

निळीशाई | रविवार, सकाळी ७:४८

उंबरठा, कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते, टंकताना रोमनमध्ये टंका.

प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जा. 'पायथन -एम व्हेन्व .व्हेन्व' द्या. यातलं पहिलं व्हेन्व हे मॉड्यूलचं नाव, दुसरं, बिंदूवालं, नव्या फोल्डरचं. मग विंडोजवर '.व्हेन्व\स्क्रिप्ट्स\अ‍ॅक्टिव्हेट', लिनक्स आणि मॅकवर 'सोर्स .व्हेन्व/बिन/अ‍ॅक्टिव्हेट'. ओळीच्या सुरुवातीला कंसात .व्हेन्व दिसलं की तुम्ही आत आहात. बाहेर यायला 'डीअ‍ॅक्टिव्हेट'.

पॉवरशेलची मनाई ही एक्झिक्यूशन पॉलिसी. 'सेट-एक्झिक्यूशनपॉलिसी रिमोटसाइन्ड -स्कोप करंटयूजर' एकदा दिलं की पुरतं. ते बदलायचं नसेल तर साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये अ‍ॅक्टिव्हेट करा, तिथे ही अडचण येत नाही.

जुनाखोड | रविवार, सकाळी ८:३०

निळीशाईंनी सांगितलं ते बरोबर, पण अ‍ॅक्टिव्हेट ही सोय आहे, गरज नाही. नवीन माणसाला याचं गूढ वाटतं, म्हणून ते फोल्डर उघडूनच बघू या.

लिनक्सवर .व्हेन्वच्या आत मुख्यतः तीन गोष्टी: बिन, लिब आणि पायव्हेन्व.सीएफजी नावाची एक छोटी मजकूर-फाइल. विंडोजवर बिनच्या जागी स्क्रिप्ट्स. ती मजकूर-फाइल एडिटरमध्ये उघडा. चार-पाच ओळी दिसतील. 'होम' या ओळीत मूळ पायथन कुठल्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पत्ता. 'इन्क्लूड-सिस्टिम-साइट-पॅकेजेस'पुढे 'फॉल्स'. आणि आवृत्तीचा आकडा.

सगळी जादू ती एवढीच. बिनमधलं पायथन सुरू झालं की ते शेजारी ही फाइल आहे का बघतं. असली तर स्वतःचं घर या फोल्डरमध्ये आहे असं धरतं आणि पॅकेजेस इथल्या लिबमध्ये शोधतं. प्रमाणित लायब्ररी (पायथनसोबतच येणारी मॉड्यूल्स) मात्र 'होम'वाल्या मूळ पायथनची वापरतं. लिनक्सवर बिनमधलं पायथन तर नुसता दुवा असतो, मूळ पायथनकडे बोट दाखवणारा. म्हणून मोकळं एनव्हायर्नमेंट फार तर १०-१५ एमबी भरतं, आणि त्यातही बहुतेक जागा पिपचीच.

अ‍ॅक्टिव्हेट काय करतं? शोधवाटेत, म्हणजे संगणक कमांड शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत, हे बिन सगळ्यात पुढे आणून ठेवतं आणि प्रॉम्प्टला नाव लावतं. तुम्ही '.व्हेन्व/बिन/पायथन फोटो.पीवाय' असा पूर्ण पत्ता दिलात तर अ‍ॅक्टिव्हेट न करताही सगळं तसंच चालतं. रोज रात्री आपोआप चालणाऱ्या कामांत मी असाच पूर्ण पत्ता देतो.

आणि एक सवय लावून घ्या. नुसतं 'पिप इन्स्टॉल' लिहू नका, 'पायथन -एम पिप इन्स्टॉल' लिहा. म्हणजे जे पायथन चालणार आहे त्याच्याच घरात पॅकेज जाईल.

उंबरठा | रविवार, सकाळी ९:०२

जमलं!! कंसातलं नाव दिसलं. दोघांनाही मनापासून धन्यवाद. एक शंका: फोल्डरला चुकून 'टेस्ट' नाव दिलंय, ते बदललं तर चालेल ना?

बिनतारी | रविवार, सकाळी ९:०६

नाही! नाव बदलू नका, हलवू नका, कॉपी करू नका. पुसा आणि नवीन करा.

रिकामा_डबा | रविवार, सकाळी ९:४४

बिनतारी एवढ्या ठामपणे का सांगतायत ते मी सांगतो, कारण मी कॉपी केलं होतं.

एक प्रोजेक्ट छान चालत होता. त्याची प्रयोगासाठी नक्कल हवी होती, म्हणून अख्खं फोल्डर .व्हेन्वसकट कॉपी केलं. नकलेत गेलो, अ‍ॅक्टिव्हेट केलं, पिपने दोन पॅकेजेसच्या जुन्या आवृत्त्या टाकल्या. प्रयोग काही जमेना, पॅकेज नवीनच दिसत राहिलं... नाही, चुकीचं लिहिलं. नकलेत जुनंच दिसायला हवं होतं आणि तसंच दिसत होतं, म्हणून मला संशयच आला नाही. दोन दिवसांनी मूळ प्रोजेक्ट उघडला तर तो मोडलेला!

कारण अ‍ॅक्टिव्हेटच्या फाइलमध्ये एनव्हायर्नमेंटचा पूर्ण पत्ता कायमचा लिहिलेला असतो, आणि बिनमधल्या पिपच्या पहिल्या ओळीतही. नकलेतलं अ‍ॅक्टिव्हेट मला मूळ फोल्डरमध्येच नेत होतं. मी बसलो होतो एका घरात आणि भिंती पाडत होतो दुसऱ्याच्या.

निळीशाई | रविवार, सकाळी १०:२०

माझं काम आकडेवारीचं. मी कोंडा वापरते, तेही पॅकेजेस आणि एनव्हायर्नमेंट सांभाळणारं साधन, २०१२ पासून आहे. इथे सगळे व्हेन्वबद्दल बोलतायत म्हणून दुसरी बाजू: व्हेन्व फक्त पायथनची पॅकेजेस वेगळी ठेवतं. नकाशांच्या कामाला लागणाऱ्या सी-सी++ लायब्रऱ्या, ग्राफिक्स कार्डची साधनं, खुद्द पायथनची वेगळी आवृत्ती, हे त्याच्या आवाक्यात नाही. कोंडा हे सगळं एका एनव्हायर्नमेंटमध्ये आणतं. मला एका जुन्या कामाला पायथन ३.८ लागतं आणि नव्याला ३.१२. कोंडात ते एका कमांडचं काम आहे.

पथ्यं दोन. कोंडाच्या मूळ 'बेस' एनव्हायर्नमेंटमध्ये काही टाकायचं नाही. आणि कोंडा-पिप दोन्ही वापरणार असाल तर आधी कोंडाने जे मिळेल ते सगळं टाका, पिप शेवटी. पिपनंतर पुन्हा कोंडा चालवलं की एकमेकांच्या फाइली तुडवल्या जातात.

खटपट्या | रविवार, सकाळी १०:३५

३.१२ चा विषय निघालाच आहे तर, माझं तीनपैकी एक मोडणं तेच होतं. डिस्ट्युटिल्स नावाचं, पॅकेजेस बांधायचं जुनं मॉड्यूल सापडत नाही म्हणे.

निळीशाई | रविवार, सकाळी १०:४१

हो, ऑक्टोबर २०२३ मधल्या ३.१२ ने ते प्रमाणित लायब्ररीतून काढून टाकलं. शिवाय ३.१२ पासून व्हेन्व सेटअपटूल्सही आपणहून टाकत नाही. जुन्या पॅकेजेसना दोन्ही गृहीत असायची. बहुतेकांचं सेटअपटूल्स हाताने टाकलं की भागतं, नाहीतर ३.११ चं एनव्हायर्नमेंट करायचं.

नवथर | रविवार, दुपारी १२:१०

कुणी यूव्ही या साधनाचं नाव कसं घेतलं नाही? अ‍ॅस्ट्रलने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणलं, रस्ट या भाषेत लिहिलंय. खटपट्या यांची मुख्य तक्रार वेळेची आहे ना? यूव्हीने एनव्हायर्नमेंट डोळ्याचं पातं लवेपर्यंत तयार होतं. पायथनची हवी ती आवृत्तीही तेच उतरवून घेतं. आणि पॅकेज एकदाच साठ्यात ठेवून प्रत्येक एनव्हायर्नमेंटमध्ये हार्डलिंक करतं, म्हणजे दहा ठिकाणी नम्पाय असलं तरी डिस्कवर जागा एकाचीच. फक्त साठा आणि प्रोजेक्ट एकाच ड्राइव्हवर हवेत.

पंधरा ओळींच्या प्रोग्रामसाठी तर याहून सोपं आहे. फाइलच्या माथ्यावर टिप्पणीच्या रूपात लागणारी पॅकेजेस लिहायची, पेप ७२३ मध्ये ती पद्धत ठरवून दिलीय. मग 'यूव्ही रन फाइलचं नाव'. ते टिप्पणी वाचतं, पडद्याआड एनव्हायर्नमेंट करतं, चालवतं. फोल्डर नाही, अ‍ॅक्टिव्हेट नाही. प्रोग्राम आणि त्याच्या गरजा एकाच फाइलमध्ये.

खटपट्या | रविवार, दुपारी १२:२६

हे मला माहीत नव्हतं. एका फाइलवर आज करून पाहतो.

रिकामा_डबा | रविवार, दुपारी १:१५

जागेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मी मध्यंतरी २५६ जीबीची डिस्क कशाने भरली ते शोधलं. चार एनव्हायर्नमेंटमध्ये पायटॉर्च (मशीन लर्निंगचं भलंमोठं पॅकेज), प्रत्येकी काही जीबी, ग्राफिक्स कार्डच्या लायब्रऱ्यांसकट. त्यातले दोन प्रोजेक्ट मी वर्षभर उघडलेले नव्हते. वर पिपचा साठा वेगळा. 'पिप कॅश पर्ज' दिलं आणि ते दोन .व्हेन्व पुसले, संगणकाने मोकळा श्वास घेतला.

उंबरठा | रविवार, दुपारी १:२२

पुसले?? मग ते प्रोजेक्ट परत लागले तर?

जुनाखोड | रविवार, दुपारी २:०५

उंबरठा, तुमच्या या प्रश्नाने धागा मुद्द्यावर आला.

एनव्हायर्नमेंट ही जपून ठेवायची वस्तू नाही. ती कधीही पुसता आली पाहिजे आणि पुन्हा उभी करता आली पाहिजे. जपायची ती यादी. चूल मोडली तरी चालेल, सामानाची यादी हरवता कामा नये. लोक नेमकं उलटं करतात: दोन-दोन जीबींची फोल्डरं बॅकअपमध्ये घेतात आणि यादी कुठेच नसते. मग संगणक बदलला की सगळं मुसळ केरात.

'पायथन -एम पिप फ्रीझ' दिलं की काय काय बसलंय ते आवृत्तीसकट छापून येतं. ते रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये वळवायचं. नवीन ठिकाणी 'पिप इन्स्टॉल -आर' आणि त्या फाइलचं नाव.

पण फ्रीझची यादी डोळे मिटून घेऊ नका. तुम्ही तीन पॅकेजेस टाकलेली असतात आणि यादी निघते चाळीस ओळींची, कारण त्या तिघांनी आणलेली पिलावळही त्यात असते. सहा महिन्यांनी बघितलं की यातलं आपण काय मागितलं होतं ते कळत नाही. म्हणून मी दोन फाइली ठेवतो. एकीत मी स्वतः मागितलेली नावं, हाताने लिहिलेली, शेजारी एका ओळीत कशासाठी ते. दुसरीत फ्रीझची पूर्ण यादी. पहिली वाचायला, दुसरी हुबेहूब उभारायला. पिप-टूल्स हेच काम आपोआप करून देतं, यूव्ही आणि पोएट्री त्यांच्या लॉक फाइलीत (आवृत्त्या पक्क्या केलेल्या यादीत).

आणि .व्हेन्व कधीही गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) टाकू नका. पायथन ३.१३ पासून व्हेन्व स्वतःच आत .गिटइग्नोर (गिटने काय वगळायचं ते सांगणारी फाइल) ठेवतं. त्याआधीच्या आवृत्त्यांत ते आपण लिहायचं.

कडीकुलूप | रविवार, संध्याकाळी ५:५०

उशिरा आलो, पण एक गैरसमज इथे डोकावतोय म्हणून लिहितो. 'वेगळं' म्हणजे 'सुरक्षित' नव्हे. व्हेन्व हे कुंपण आहे पॅकेजेसच्या आवृत्त्यांसाठी, वाईट कोडसाठी नाही. आत टाकलेलं पॅकेज तुमच्या नावाने, तुमच्या सगळ्या परवानग्यांनिशी चालतं. तुमचे फोटो, पासवर्डच्या फाइली, सगळं वाचू शकतं. मूळ सोर्समधून पॅकेज बसवताना तर त्याची सेटअपची फाइल बसवतानाच चालते, तुम्ही इम्पोर्ट करायचीही वाट बघत नाही.

प्रसिद्ध पॅकेजच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे करून घातक पॅकेज चढवणं हा जुना डाव आहे. नाव टंकू नका, अधिकृत दस्तऐवजातून उचलून चिकटवा. पिपला 'ओन्ली-बायनरी' हा पर्याय 'ऑल' देऊन लावला तर तो फक्त तयार व्हील, म्हणजे आधीच बांधून ठेवलेली पॅकेजेस घेतो, बसवताना परकं कोड चालत नाही. खरोखर अनोळखी काही तपासायचं असेल तर कंटेनर (बाकी संगणकापासून तोडलेली बंदिस्त जागा) किंवा निदान संगणकावर वेगळं खातं.

टिपकागद | रविवार, रात्री ९:२०

कडीकुलूप, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

अवांतर: हा सगळा व्याप पायथनलाच का, असा प्रश्न मला नेहमी पडतो. नोडमध्ये (जावास्क्रिप्टच्या जगात) एनपीएम, म्हणजे तिथला पिप, पॅकेजेस मुळातच प्रोजेक्टच्या आत, नोड-मॉड्यूल्समध्ये ठेवतो. एकाच झाडात एका पॅकेजच्या दोन आवृत्त्याही राहतात. पायथन त्याच्या कितीतरी आधी जन्मलं, तेव्हा 'एका संगणकावर एक पायथन, एक कोठार' हेच स्वाभाविक होतं. नंतर ठिगळं लागली. इयन बिकिंग यांनी २००७ मध्ये व्हर्च्युअलएन्व्ह लिहिलं आणि २००८ मध्ये पिपही त्यांनीच. व्हेन्व प्रमाणित लायब्ररीत आलं २०१२ मध्ये, पायथन ३.३ बरोबर. प्रोजेक्टच्या फोल्डरमधून पॅकेजेस आपोआप उचलावीत असा प्रस्तावही आला होता, पेप ५८२. तो २०२३ मध्ये फेटाळला गेला. मला तो मनापासून हवा होता. उंबरठासारख्या नव्या माणसाला पहिल्या दिवशी अ‍ॅक्टिव्हेट शिकावं लागलं नसतं.

सांजपाखरू | सोमवार, रात्री १०:१५

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. आज फोटोंच्या फोल्डरमध्ये .व्हेन्व केलं, आत नम्पायची १.२६ आणि जुनी ओपनसीव्ही टाकली. 'पिप लिस्ट'मध्ये अगदी हव्या त्याच आवृत्त्या दिसतात. आणि नोटबुक (कोड चौकटी-चौकटीने चालवायची वही) उघडून चालवलं तर तोच लाल संदेश! नम्पाय २ म्हणतंय. कुठून आलं हे २?

बिनतारी | सोमवार, रात्री १०:१९

ज्युपिटर नोटबुक? पहिल्या चौकटीत 'इम्पोर्ट सिस', खाली 'प्रिंट' आणि कंसात 'सिस.एक्झिक्यूटेबल'. काय छापतं?

सांजपाखरू | सोमवार, रात्री १०:२३

जुन्याच पायथनचा पत्ता. त्यात .व्हेन्व कुठेही नाही.

बिनतारी | सोमवार, रात्री १०:३१

सापडलं. नोटबुक टर्मिनलमधलं अ‍ॅक्टिव्हेट बघत नाही, ते आपल्या कर्नलच्या (मागे कोड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) नोंदीत जे पायथन आहे तेच चालवतं. तुमच्या .व्हेन्वमध्ये 'आयपायकर्नल' टाका. मग त्याच पायथनने 'पायथन -एम आयपायकर्नल इन्स्टॉल --यूजर --नेम फोटो'. नोटबुक पुन्हा उघडा आणि कर्नलच्या यादीतून 'फोटो' निवडा. एडिटरमध्येही हेच, तिथे इंटरप्रिटर निवडायची जागा असते.

'पॅकेज टाकलंय तरी सापडत नाही' या प्रकारच्या दहातल्या नऊ अडचणींत हीच ओळ पहिली चालवतो मी. चालतंय कोण ते आधी विचारायचं.

सांजपाखरू | सोमवार, रात्री १०:५२

चाललं!!! बिनतारी, शतशः आभार. पहिला फोटो १९६२ चा आला, चार चौकटी, चारही चेहरे बरोबर.

खटपट्या | बुधवार, रात्री ८:४०

नवथर यांनी सांगितलेलं करून पाहिलं. माझ्या एका-एका फाइलच्या अकरा प्रोग्रामना माथ्यावर गरजांची टिप्पणी लावली, दीड तास लागला. आता त्यांना एनव्हायर्नमेंट असं काही नाहीच, निदान मला दिसत नाही. बाकीच्या प्रयोगांसाठी माझं जुनं एकच ठेवलंय आणि ते ठेवणारच. नवीन कल्पना सुचली की तिला बसायला मोकळी जागा हवी.

सांजपाखरू | शनिवार, सायंकाळी ६:३०

आठवडा झाला, आता माझ्या मूळ प्रश्नावर परत येते, कारण मला माझ्यापुरतं उत्तर मिळालंय.

२४ वेगळ्या चुली नाही मांडल्या. फोटो, खर्च आणि एक हवामानाच्या नोंदींचा प्रोग्राम, ही तीन कामं मी वर्षानुवर्षं वापरणार आहे आणि मोडली तर जीव खालीवर होतो. त्या तिघांना स्वतःचं .व्हेन्व आणि जुनाखोड यांच्या पद्धतीच्या दोन-दोन याद्या. बाकी सगळी चिल्लर एका सामायिक एनव्हायर्नमेंटमध्ये, खटपट्या यांच्यासारखी. ते मोडलं तर मोडलं. त्यातलं एखादं काम महत्त्वाचं झालं की त्याला वेगळं काढीन.

यादी खरी आहे का हे तपासायला काल मुद्दाम फोटोंचं .व्हेन्व पुसलं. बटण दाबताना हात थरथरला. यादीवरून पुन्हा उभं केलं, दोन मिनिटंही लागली नाहीत, आणि ४,००० फोटोंचा हिशेब आधीच्या यादीशी ओळ न् ओळ जुळला.

एकच राहिलं. एका फोटोत १७ माणसं आहेत आणि प्रोग्राम कायम १६ च मोजतो. आत्या मान वळवून दुसरीकडे बघतेय, ती सुटते. यासाठी कुठलं पॅकेज टाकावं लागेल?

निळीशाई | शनिवार, सायंकाळी ६:५५

तुम्ही ओपनसीव्हीची कॅस्केड फाइल (चेहरे ओळखायचा तयार नमुना) वापरत असाल तर नवीन काहीच टाकू नका. बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यांसाठी 'प्रोफाइलफेस' नावाची वेगळी कॅस्केड तिच्यासोबतच येते. ती एकाच बाजूला वळलेले चेहरे नीट ओळखते, म्हणून न सापडल्यास फोटो आडवा उलटवून, आरशातल्यासारखा करून, पुन्हा शोधा.

सांजपाखरू | शनिवार, सायंकाळी ७:४०

उलटवून पाहिला. सापडली आत्या.